विदारण, विस्तृत झीज आणि दरड

नागपूरच्या एका भूगोलाच्या शिक्षिकेचा प्रश्न आहे. त्या मुलांसाठी एक टिपण लिहीत आहेत: पूर्वी हिमनद्यांखाली असलेल्या डोंगराळ मुलखाचं रूप आज कसं बदलतं. पुस्तकातले ‘विदारण’ आणि ‘विस्तृत झीज’ हे शब्द मुलांना जड जातात, तर दोन्हींऐवजी सरळ ‘दरड कोसळणे’ लिहिलं तर चालेल का?

नाही चालणार. आधी विदारण. पश्चिम नागपुरात घराचा पाया खोदताना पाहिलाय ना? वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा दगड. तो मुरूम कुठून वाहत आलेला नाही, जागच्या जागी कुजलेला काळा दगडच आहे तो. हे विदारण. मुरूम ट्रकमध्ये भरला की विदारणाचा विषय संपला. शब्दाचं मूळ ‘दॄ’ म्हणजे फाटणं, फोडणं. विदीर्ण, हृदयविदारक, आणि आपली साधी ‘दरी’सुद्धा त्याच घरची. (विदर्भ मात्र नाही. त्याची फोड वि + दर्भ अशी करतात, तेव्हा आपल्या उन्हाने दगड कितीही तडकोत, तो मोह टाळावा.)

थंड डोंगरात हे फोडण्याचं काम पाणी करतं. गोठताना पाण्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. फ्रीजरमध्ये विसरलेली काचेची बाटली फुटते, तसंच खडकाच्या भेगेत होतं. रात्री गोठायचं, दिवसा वितळायचं, पुन्हा गोठायचं. भेग रुंदावत जाते आणि एक दिवस तुकडा सुटतो. सुटून खाली पडला, की मामला विदारणाचा राहिला नाही. तिथून पुढे विस्तृत झीज.

हा दुसरा शब्द मला कधीच आवडला नाही. झीज म्हटलं की चपलेचा तळ आठवतो, आणि इथे तर अख्खा उतार खाली येतो. ‘विस्तृत’ने त्यात काय भर पडते, कोण जाणे. खरी खूण वेगळीच आहे: नदी, वारा, हिमनदी यांच्या कामात वहन असतं आणि वाहून नेणारा असतो. इथे वाहक कोणी नाही, माल आपल्याच वजनाने उतारावरून खाली येतो. टिपणात पुस्तकाचा शब्द ठेवा, परीक्षेत तोच लागतो; पण शेजारी हे वाक्य लिहा.

आता दरड. दरड म्हणजे कड्याचा किंवा नदीकाठाचा उभा, तुटका भाग. म्हणजे जे उभं असतं ती दरड. पडणं दाखवायला ‘कोसळणे’ वेगळं लावावं लागतं. हिमनदीच्या दरीत हा शब्द अगदी चपखल बसतो. बर्फ दरीच्या भिंती खरवडून उभ्या करतो आणि तो असेपर्यंत त्यांना टेकूही देतो. तो वितळला की भिंती उभ्याच राहतात, टेकू जातो, आणि मग दरडी कोसळतात, कधी लगेच, कधी हजारो वर्षांनी. इंग्लंडच्या डोंगराळ भागातून शेवटचा बर्फ जाऊन साधारण ११,७०० वर्षं झाली. तिथल्या सुमारे ७९ मीटर खोल वॉस्टवॉटर तळ्याच्या एका काठावर कड्यातून सुटलेल्या दगडांचा भलाथोरला उतार थेट पाण्यात शिरलेला आहे.

पण थंड डोंगरांत दुसरीही एक चाल असते. खालची जमीन गोठलेली, त्यामुळे वरचं वितळलेलं पाणी मुरायला जागा नाही. चिंब माती वर्षाला काही सेंटिमीटर अशी जिभेसारखी खाली सरकते. हिला दरड कोण म्हणेल? उलट टोकाला, ३० जुलै २०१४ ला माळीणवर आला तो माती, दगड आणि पाण्याचा लोंढा होता. बातम्यांत मात्र ‘दरड कोसळली’ हेच आलं. बोलण्यात चालतं. धड्यात सरकणं, कोसळणं आणि लोंढा ही तीन क्रियापदं-नामं वेगळी वापरा, सगळी मराठीच आहेत.

आणि उदाहरण फार लांबचं वाटत असेल, तर चंद्रपूरजवळचं इरई घ्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फेडन यांना १८७०च्या दशकात तिथे चुनखडकावर बर्फाने ओढलेले ओरखडे सापडले, जवळपास ३० कोटी वर्षांपूर्वीचे. बर्फ गेला. ओरखडे टिकले, कारण त्याच बर्फाने आणलेल्या गोटे-गाळाखाली ते गाडले गेले होते, आणि खोल गाडलेल्या दगडाला विदारण सहसा गाठत नाही.