गृहपाठ दप्तरातच राहतो

"मुलगा सातवीत आहे. सेमी इंग्रजी, राज्य मंडळ. तोंडी विचारलं तर सगळं येतं, पण वह्या हरवतात, केलेला गृहपाठ जमा होत नाही. डॉक्टरांनी एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवण्याची अडचण, असल्याचं लिहून दिलंय. शाळा म्हणते, साठ मुलांत एकासाठी वेगळे नियम कसे करणार? आमचे हे म्हणतात, मीही असाच होतो, झालोच ना इंजिनिअर! शाळेकडे नेमकं काय मागू? आणि मागितलं तर त्याच्यावर शिक्का बसेल का?"
– एक आई, कल्याण

ताई,

शिक्का बसायचा तो बसलाय. डायरीतले जे लाल शेरे तुम्ही उतरवून पाठवलेत, त्यांत 'निष्काळजी' चार वेळा आलंय. त्यापेक्षा एडीएचडी बरं, निदान त्यावर काही करता तरी येतं.

इतिहासाच्या वहीचा प्रसंग मी दोनदा वाचला. रात्री साडेदहापर्यंत बसून स्वाध्याय पूर्ण केला आणि दुसऱ्या दिवशी शेरा 'अपूर्ण'. संध्याकाळी दप्तर उपसलं तर वही भूगोलाच्या पुस्तकात, वर डबा. बाईंनी वह्या मागितल्या तेव्हा स्वारी खिडकीबाहेर. म्हणजे अभ्यासाचं काही अडत नाहीये. अडतंय ते दप्तरापासून बाईंच्या टेबलापर्यंतच्या दहा पावलांत. मागायचं तेही तेवढ्यापुरतंच.

मुख्याध्यापिकांना 'जरा सांभाळून घ्या' म्हणू नका. त्या 'हो हो' म्हणतील आणि विषय तिथेच संपेल. वर्गशिक्षिकेला जमेल आणि झालं की नाही ते दिसेल, असंच मागा. गृहपाठ नुसता तोंडी न सांगता फळ्यावर लिहावा. वह्या गोळा करताना त्याचं नाव घेऊन वही मागावी. सुटायच्या घंटेआधी पाच मिनिटं त्याला दप्तर भरायला द्यावीत आणि डायरीवर नजर टाकून सही करावी. मोठ्या प्रकल्पाला एकच शेवटची तारीख न देता मधल्या दोन तारखा द्याव्यात. साठ मुलांचा मुद्दा निघेलच. त्यावर सांगा, फळ्यावर लिहिलेलं साठहीजणांच्या कामाचं आहे आणि सहीला अर्धं मिनिट लागतं.

बालभारतीच्या पुस्तकांचा दुसरा संच मात्र तुम्हीच घरी आणून ठेवा, त्यासाठी शाळेच्या परवानगीची गरज नाही. (2023मध्ये चार भागांची, आतच वहीची पानं असलेली पुस्तकं आली, तेव्हा अशा मुलांच्या आयांनी सुटकेचा निःश्वास टाकला असणार. जानेवारी 2025मध्ये ती योजना गुंडाळली.)

आता कागदपत्रांचं. 2016चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा मान्यताप्राप्त शाळांनी मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी द्याव्यात असं सांगतो. पण त्याच्या 21 प्रकारांच्या यादीत 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' (म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण) आहे, एडीएचडी वेगळी नाही. वर सांगितलेल्या किरकोळ सोयींसाठी डॉक्टरांची चिठ्ठी दाखवलीत तरी पुरे. कायदा पुढे करून भांडायला जाऊ नका. दहावीच्या परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक हवा असेल तर मात्र सरकारमान्य रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. एडीएचडी असलेल्या बऱ्याच मुलांना वाचन-लेखनाची अडचणही असते. तोंडी सगळं येतं, असं तुम्हीच लिहिलंय. कागदावर उतरवताना काही अडतंय का ते कळावं, म्हणून ती तपासणी करून घ्याच. मुंबईत सायन आणि नायर रुग्णालयांत ती होते, पण नंबर लागायला वेळ जातो. नववीची वाट न पाहता आत्ताच नाव घाला.

तुमच्या यजमानांविषयी एवढंच, की सकाळी त्यांच्या गाडीची किल्ली कोण शोधून देतं हे तुम्ही लिहिलेलं नाही. मला अंदाज आहे. त्यांना शाळेत सोबत न्या. 'मीही असाच होतो, वह्या आई भरायची' हे त्यांनी मुख्याध्यापिकांसमोर सांगितलं, तर तुमच्या दहा वाक्यांचं काम होईल.

आणि मुलाला विचारल्याशिवाय जाऊ नका. बाईंनी सगळ्यांदेखत नाव घेतलेलं त्याला चालेल का, की बाकाजवळ येऊन हळूच विचारलेलं बरं वाटेल, ते तोच सांगेल. सातवीतल्या मुलाला याचं फार लागतं.

अर्ज मराठीत लिहा की इंग्रजीत, हे तुम्ही शेवटी विचारलंय. मराठीतच लिहा, एका पानात, चार मागण्या, सोबत चिठ्ठीची झेरॉक्स. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. ती प्रत घरात जपून ठेवा. त्याच्या दप्तरात नको.