रिस्टोअर केलेली जुनी अमेरिकन दुनळी ग्राउझच्या शिकारीसाठी घ्यावी का?

तुमचा प्रश्न असा, की मिनेसोटातल्या डुलूथच्या आसपास ग्राउझच्या आणि अधूनमधून फेझंटच्या (दोन्ही रानकोंबडीसारखे पक्षी) शिकारीला जायला फॉक्स स्टर्लिंगवर्थ, १६ गेज (गेज म्हणजे नळीच्या व्यासाचं माप), 'पूर्ण रिस्टोअर केलेली' दुनळी मिळतेय, ती घ्यावी का. घ्या की! पण नळ्या मोजून झाल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि नुसत्या चकाकीवर तर भाळूच नका.

निवड उत्तम आहे. स्टर्लिंगवर्थ ही फिलाडेल्फियाच्या ए. एच. फॉक्स कंपनीची साधी, नक्षीकाम नसलेली, राबायला केलेली बंदूक. पुढे कंपनी सॅव्हेज या दुसऱ्या बंदूक कंपनीकडे गेली आणि कारखाना न्यूयॉर्कमधल्या युटिकाला हलला. आतली रचना इतकी सुटसुटीत की घोडा आणि फायरिंग पिन एकाच तुकड्यात, त्यामुळे मोडायला फारसं काही नाहीच. इतर जुन्या अमेरिकन दुनळ्यांपैकी पार्करमध्ये निम्मे पैसे नावाचेच जातात. एल. सी. स्मिथ देखणी खरी, पण तिच्या बाजूच्या लॉकप्लेटमागे दस्त्याला हमखास चीर गेलेली असते. इथाकाचं जुनं फ्लूस मॉडेल हलकंफुलकं आहे, मात्र जोरदार काडतुसं वापरली की तिच्या फ्रेमला, म्हणजे नळ्या जिला जोडतात त्या धातूच्या सांगाड्याला, तडे जातात. दिवसभर अ‍ॅस्पेनच्या दाट रोपट्यांतून वाट काढायची तर १६ गेजची फॉक्स हातात जड होत नाही.

आता रिस्टोअरचं. चांगल्या कारागिराकडून सगळं काम करून घ्यायचं तर खर्च बहुतेक वेळा अशा साध्या बंदुकीच्या किमतीवर जातो. संग्राहक अशा बंदुकीकडे ढुंकून बघत नाहीत, त्यांना मूळ रंग हवा असतो, पुसट का असेना. म्हणजे आधीच्या मालकाने घातलेला पैसा त्याला परत मिळत नाही, आणि तुमच्यासारख्या शिकाऱ्याचा फायदा होतो. मात्र काम चांगलं झालेलं असलं तरच.

ते ओळखायचं कसं? रंग राहू दे, आधी अक्षरं बघा. नळीवरचं 'स्टर्लिंगवर्थ' नखाला टोचेल असं खोल आणि कडक असायला हवं. कडा गुळगुळीत झाल्या असतील तर कुणीतरी काळं करण्याआधी पॉलिशच्या चाकावर धातू घासून काढलाय. स्क्रूच्या भोवती बशीसारखा खळगा दिसला तर तीच गोष्ट. माझ्यासमोर एका गन शोमध्ये एक दुनळी ठेवली होती. फ्रेमवर निळ्या-तपकिरी रंगांचे ढग अप्रतिम होते, आणि नळीवरची निम्मी अक्षरं हाताच्या अंगठ्यालाही लागत नव्हती. विक्रेता रंगावरच बोलत राहिला.

बाहेरून पॉलिश आणि आतून गंजाचे खड्डे काढायला होनिंग (आतली बाजू घासणं), अशी नळी दोन्हीकडून पातळ होत जाते. म्हणून नळीच्या भिंतीची जाडी मोजायचं उपकरण लावून घ्या. सर्वांत पातळ जागी ०.०२५ इंच भरली तर निश्चिंत, ०.०२० च्या खाली मी हातसुद्धा लावणार नाही. १६ गेजचा आतला व्यास साधारण ०.६६२ इंच असतो, त्याहून बराच मोठा निघाला तर किती होन केलंय ते विचारा. मग पुढचं लाकूड काढून नळ्या हुकाला धरून टांगा आणि बोटाच्या पेराने टिचकी मारा. घंटेसारखा स्वच्छ नाद यायला हवा. बद्द आवाज आला की दोन नळ्यांमधल्या पट्टीचं डाख सुटलेलं असतं. पुढचं लाकूड काढलेलंच असताना नळ्या फ्रेमवर चढवून, बंद करून हलवून बघा, खुळखुळता कामा नये. नळ्या उघडायची वरची कळ बंद असताना मधोमध किंवा किंचित उजवीकडे थांबावी. डावीकडे गेली असेल तर झीज झालीय.

बंदुकीवरचा क्रमांकही वाचा. १६ गेज स्टर्लिंगवर्थचे क्रमांक ३,५०,००० च्या पुढचे असतात. तसा क्रमांक आणि वर भरपूर नक्षी असेल, तर साध्या बंदुकीला कुणीतरी नंतर दागिने घातलेत.

काडतुसांचं नीट समजून घ्या, कारण घोटाळा इथेच होतो. आजचं १६ गेजचं काडतूस पावणेतीन इंचांचं असतं. ही लांबी बार झाल्यावर तोंड उघडलेल्या काडतुसाची, भरलेलं त्याहून आखूडच असतं. म्हणून ते जुन्या आखूड चेंबरमध्येही (नळीतली काडतूस बसायची जागा) आरामात बसतं, पण उडवल्यावर त्याचं तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडतं आणि दाब चढतो. रिस्टोअर करताना चेंबर लांबवलंय का, आणि लांबवल्यावर तिथली भिंत किती उरली, हे विचारायलाच हवं. नसेल लांबवलं तर अडीच इंची, कमी दाबाची काडतुसं घ्या. स्टीलचे छर्रे जुन्या नळीत नकोतच. केंद्र सरकारच्या वॉटरफाउल प्रॉडक्शन एरियात (पाणपक्ष्यांसाठी राखलेल्या जागांत) फेझंटसाठीही शिशाचे छर्रे चालत नाहीत, तिथे बिस्मथ धातूचे घ्यावे लागतील, महाग पडले तरी.

एक मापाचं. जुन्या अमेरिकन दस्त्यांना बाक जास्त असतो, टाचेपाशी तीन इंचांपर्यंत. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा आणि उघडा. नळीऐवजी नुसती कळच दिसत असेल तर बार खाली जाणार.

व्हिसाबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. ग्रीन कार्ड असेल तर अडचण नाही. एच-१बी वर मात्र केंद्रीय कायद्याने बंदूक घेता येत नाही, अपवाद चालू शिकार परवान्याचा, म्हणून दुकानात बंदूक खरेदीचा केंद्रीय ४४७३ फॉर्म भरण्याआधी तो हातात हवा. जन्म १९७९ नंतरचा असेल तर मिनेसोटात त्या परवान्यासाठी फायरआर्म सेफ्टीचा कोर्स लागतो. दुसऱ्या राज्यातून मागवली तर ती तुमच्या गावच्या परवानाधारक डीलरकडेच येईल. शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारा, उगाच ग्रीन कार्डवर बेतायला नको.

विक्रेत्याकडून भिंतीची जाडी, चेंबरची लांबी आणि तीन दिवसांची परतीची मुदत लेखी घ्या. त्या मुदतीत बार काढू नका, काढलात तर सहसा परत घेत नाहीत. त्याऐवजी दुनळ्या जाणणाऱ्या गनस्मिथकडे न्या. लिहून द्यायला विक्रेता का-कू करत असेल तर सरळ दुसरी बघा, बाजारात स्टर्लिंगवर्थचा तुटवडा नाही.