जीटीव्ही विकून सेकंडहँड मासेराटी घ्यावी की फेरारी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडात मिल्टन कीन्सला राहता, दारात २००० सालची आल्फा रोमिओ जीटीव्ही ३.० व्ही-६ आहे, यंदाच्या एमओटीत (इथल्या सक्तीच्या वार्षिक तपासणीत) खालचा पत्रा गंजल्याचा शेरा आलाय आणि तिच्या जागी ३५ हजार पौंडांत दुसरी इटालियनच हवी. यादीत मासेराटी ४२००, मासेराटी ग्रानटुरिस्मो, फेरारी ३६० मोडेना आणि आल्फाची फोर-सी. घरात आठ वर्षांची मुलगी आहे, हे तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय. मी सुरुवात तिथूनच करतो.

मुलगी आहे म्हटल्यावर यादी तिथेच अर्धी होते. ३६० आणि फोर-सी दोन्ही दोन सीटच्या. "दुसरी गाडी आहेच की घरात" असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं होतं. मग होतं असं, की रविवारी तिघांनी बाहेर पडायचं ठरलं की घरची साधी हॅचबॅक निघते आणि हौसेची गाडी गॅरेजात बॅटरी उतरवत बसते. तुमच्या जीटीव्हीलाही मागची सीट नावापुरतीच आहे, त्यामुळे हा अनुभव तुम्हाला नवा नसणार.

तरी दोघींबद्दल दोन शब्द. ३६० ला चारशे अश्वशक्तीचं ३.६ लिटरचं व्ही-८ आणि अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा. टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारा पट्टा) दर तीन वर्षांनी बदलायचा, गाडी हलली नसली तरी. आधीच्या फेरारी ३५५ सारखं त्यासाठी अख्खं इंजिन खाली उतरवावं लागत नाही, सीटच्या मागचं झाकण काढून काम होतं, एवढं सुख. पण ३५ हजारांत कोणी तुम्हाला ३६० देत असेल, तर ती एवढ्यात का देतोय हाच पहिला प्रश्न. फेरारी घ्यायला लागतात त्यापेक्षा जास्त पैसे फेरारी ठेवायला लागतात, आणि स्वस्तात घेतली म्हणून पुढची बिलं स्वस्त होत नाहीत. फोर-सी मला मनापासून आवडते. कार्बन फायबरचं टब (म्हणजे बसायच्या जागेचा सांगाडा), कोरडं, म्हणजे तेल-पेट्रोल न भरता, वजन ९०० किलोच्या आत, पॉवर स्टिअरिंगच नाही. मोकळ्या डोंगरी रस्त्यावर तिच्यासारखी मजा या पैशांत दुसरीकडे नाही. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये मात्र स्टिअरिंग फिरवून हात भरून येतात.

उरल्या दोन मासेराटी. त्यांच्याकडे वळण्याआधी माझी फजिती सांगतो, कारण उत्तराचा गाभा तिच्यात आहे.

मी २०११ मध्ये एक इटालियन कूपे घेतली. नाव घेत नाही, कारण गाडीचा दोष कमी आणि माझा जास्त. २१ हजार मैल, रंग आरशासारखा, चामडं कोरं. विकणाऱ्याने चहा पाजला. स्टिअरिंगमागे पॅडल असलेला रोबोटिक गिअरबॉक्स होता. क्लच किती झिजलाय हे गाडीच्या कॉम्प्युटरला यंत्र जोडून बघता येतं, हे मी वाचलेलं होतं. जोडलं नाही. चार महिन्यांनी लेस्टरच्या एका सिग्नलला गाडी ढिम्म. क्लच संपला होता. बिल आलं तीन हजार पौंडांच्या पुढे. वर कळलं की चारही टायर नऊ वर्षांचे होते. टायरच्या कडेला चार आकडे छापलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. वाकून बघायला दहा सेकंद लागतात. मी वाकलो नव्हतो.

त्याच्या उलट चित्र मी लहानपणी सांगलीत पाहिलं होतं. आमच्या बाबांकडे प्रीमियर पद्मिनी होती, म्हणजे मुळातली फियाट ११००, कुर्ल्यात बनलेली. इटालियन गाडीचं खूळ घरात आलं ते तिच्यामुळे. बाबांची एक लांबट वही होती. पेट्रोल, ऑईल, प्लग, पंक्चर, सगळं तारखेनिशी. गाडी विकायला काढली तेव्हा गिऱ्हाईक आलं, बाबांनी वही पुढे केली, त्या गृहस्थांनी ती ओसरीवर बसून पहिल्या पानापासून वाचली आणि गाडीभोवती नीट चक्करही न मारता बयाणा दिला. तेव्हा तो माणूस मला भोळा वाटला होता.

आता मीही तेच करतो. आधी वही बघतो. वीस वर्षांच्या इटालियन गाडीत तुम्ही मॉडेल कमी आणि आधीचा मालक जास्त विकत घेत असता.

आता मासेराटी ४२००. २००२ ची कूपे. त्याआधीच्या ३२०० जीटीला ते प्रसिद्ध बूमरँगच्या आकाराचे मागचे दिवे होते, ते हिच्यावर गेले आणि लोक हळहळले. पण बदल्यात ३.२ च्या ट्विन-टर्बोऐवजी मारानेल्लोत फेरारीने बनवलेलं ४.२ लिटरचं व्ही-८ आलं, ३९० अश्वशक्तीचं. तेव्हा मासेराटी फेरारीच्याच ताब्यात होती. या इंजिनाला चेन आहे, म्हणजे बेल्टचं तीन वर्षांचं रडगाणं नाही. गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी, त्यामुळे वजन छान वाटलेलं. मागच्या सीटवर आठ वर्षांची मुलगी बसते. चौदा वर्षांची कुरकुर करेल.

घोडं पेंड खातं ते गिअरबॉक्सपाशी. बहुतेक ४२०० मध्ये 'कांबियोकोर्सा' आहे, म्हणजे फेरारीच्या एफ-१ गिअरबॉक्सचीच बहीण. लोक तिला ऑटोमॅटिक समजतात आणि तिथेच फसतात. आत साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधाच कोरडा क्लच आहे, फक्त तुमच्या डाव्या पायाचं काम हायड्रॉलिक पंप करतो. खऱ्या ऑटोमॅटिकमध्ये गाडी रांगते तेव्हा तेल घुसळलं जातं. हिच्यात क्लचची प्लेट घासली जाते. ट्रॅफिकमध्ये इंच इंच पुढे, चढावर पार्किंग, उलटी घेताना हळूहळू: प्रत्येक वेळी थोडा थोडा क्लच जातो. म्हणून एकाचा क्लच कित्येक वर्षं टिकतो आणि दुसऱ्याचा वर्षभरात बसतो, आणि दोघेही खरंच बोलत असतात. ४२०० बघायला जाल तेव्हा क्लचच्या झिजेचा आकडा कागदावर मागा. "नुकताच बदललाय" म्हणाले तर बिल मागा. तिची खरी मॅन्युअल आवृत्तीही होती, 'जीटी' नावाची. कमी दिसतात, पण तुम्हाला जीटीव्हीचा गिअर दांडा सोडवत नसेल तर तीच शोधा. थांबावं लागेल. थांबा.

ग्रानटुरिस्मो २००७ ला जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली. रेषा पिनिनफारिना या इटालियन डिझाइन कंपनीच्या, आणि आजही ती रस्त्यावर दिसली की माणसं मान वळवतात. सुरुवातीला ४.२ लिटर, ४०५ अश्वशक्ती, पुढे ४.७. वजन १९०० किलोच्या आसपास, त्यामुळे जीटीव्हीसारखी चपळाई मागू नका. ही लांब पल्ल्याची गाडी आहे. सकाळी निघायचं आणि संध्याकाळी स्कॉटलंडात चहा. पण मागच्या दोन सीट खऱ्या आहेत, मोठी माणसंही बसतात. आणि ४.२ ला जर्मन झेडएफचा सहा गिअरचा खराखुरा ऑटोमॅटिक आहे, ज्याबद्दल झोप उडायचं कारण नाही. ४.७ च्या काही गाड्यांना एमसी शिफ्ट म्हणून रोबोटिक गिअरबॉक्स आहे, त्याला वरचं सगळं क्लचपुराण लागू. जाहिरातीत नुसतं 'ऑटो' लिहिलं असेल तर नेमकं कुठलं ते विचारा.

तिचीही दुखणी आहेत. पुढच्या सस्पेन्शनचे बुश आणि बॉल जॉइंट वजनामुळे झिजतात, खड्ड्यावर ठकठक ऐका. इंजिन थंड असताना सुरू करा, ४.७ मध्ये सुरू होताक्षणी समोरून खडखड आली तर कॅमशाफ्टच्या व्हेरिएटरचं (व्हॉल्व्ह उघडायची वेळ बदलणाऱ्या भागाचं) काम निघू शकतं, आणि ते स्वस्त नाही. डॅशबोर्डवरची बटणं चिकट होतात, गूळ लागल्यासारखी. त्या काळच्या फेरारींचीही तीच तऱ्हा. हे दिसायला घाण, पण घाबरायचं कारण नाही, साफ करून देणारे लोक आहेत. बॅटरी मात्र चार्जरवर ठेवायची सवय लावा.

टॅक्सचं गणित कोणी सांगत नाही, म्हणून सांगतो. २३ मार्च २००६ च्या आधी नोंदलेली गाडी कितीही धूर सोडो, रोड टॅक्स 'के' पट्ट्यावर थांबतो. त्यानंतरची, म्हणजे शेवटच्या काही ४२०० आणि २०१७ च्या मार्चपर्यंतच्या सगळ्या ग्रानटुरिस्मो, सर्वांत वरच्या पट्ट्यात जातात: वर्षाला ७०० पौंडांच्या वर. म्हणजे २००५ ची आणि २००७ ची ४२०० शेजारी उभ्या केल्या तर डोळ्यांना फरक दिसणार नाही, पण टॅक्समध्ये ३०० पौंडांहून जास्त पडतो. आणखी गंमत म्हणजे १ एप्रिल २०१७ नंतर नोंदलेल्या गाडीला पुन्हा सपाट दर, आणि महाग गाड्यांवरचा पाच वर्षांचा जादा भार २०१७-१८ च्या गाड्यांवरून आता उतरलाय. बजेट पुढेमागे ताणलंत तर हे लक्षात असू द्या.

दुसरं म्हणजे यूलेझ, लंडनचा जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांकडून रोजचे पैसे घेणारा विभाग. २९ ऑगस्ट २०२३ पासून सगळी लंडन त्यात आहे. गाडी नियमात बसत नसेल तर दिवसाला १२.५० पौंड, म्हणजे डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला गेलात तरी. पेट्रोलची २००६ नंतरची गाडी सहसा बसते. त्याआधीची बसेल किंवा नाही, म्हणून बयाण्याआधी नंबर टाकून तपासा.

गाडी बघण्याबद्दल. निघण्याआधी सरकारी संकेतस्थळावर तिच्या एमओटीचा इतिहास वाचा, फुकट असतो. दरवर्षीचे मैल आणि शेरे दिसतात. चार वर्षं मैल जवळजवळ हललेच नाहीत, असं दिसलं तर मी खूश होत नाही. उभ्या गाडीचे सील वाळतात, ब्रेक धरतात. १५ हजार मैलांची बाहुली आणि ४५ हजार मैलांची, दर उन्हाळ्यात फ्रान्सला जाऊन आलेली, यांत मी दुसरी उचलतो. तिथे पोहोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर कोणीतरी तुमच्यासाठी इंजिन तापवून ठेवलंय. नंतर सकाळी परत या. कर्ज बाकी आहे का, अपघातानंतर विमा कंपनीने मारलेला 'एस' (सांगाड्याला इजा) किंवा 'एन' (सांगाडा सोडून इजा) शिक्का आहे का, हे थोडे पौंड भरून तपासता येतं. आणि विकणाऱ्याचा नव्हे, तुम्ही निवडलेल्या स्वतंत्र गॅरेजचा माणूस गाडी लिफ्टवर चढवून बघू दे. मालक यालाच नाही म्हणाला तर चहाही न पिता निघा.

कुठली घेऊ, असं सरळ विचाराल तर तुमच्यासाठी ग्रानटुरिस्मो ४.२, झेडएफवाली, २५ ते २८ हजारांपर्यंत. उरलेले सात ते दहा हजार वेगळ्या खात्यात, आणि त्यांना हात लावायचा तो फक्त गॅरेजच्या बिलासाठी. सगळे ३५ गाडीतच घातलेत तर पहिल्या सर्व्हिसला तुम्ही काटकसर कराल, आणि ती काटकसर पुढच्या गिऱ्हाईकाला तुमच्या वहीत दिसेल. पुढे पुण्याला न्यायचं मनात असेल तर ते सोडा, तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी भारतात आयात करता येत नाही.

राहिली जीटीव्ही. विकायची घाई करू नका. त्या गंजाचं वेल्डिंग किती होतं हे आधी कोणाकडून तरी लेखी घ्या. रस्त्यावरच्या मिठाने इथे सगळ्यांचाच पत्रा खाल्लाय, पण शेरा म्हणजे सडलीच असं नाही. आणि तिच्यातलं इंजिन आल्फाचे इंजिनिअर ज्युसेप्पे बुस्सो यांचं आहे, १९७९ पासून चालत आलेलं. आल्फाच्या आरेझेच्या कारखान्यात त्याचं उत्पादन २००५ च्या शेवटी थांबलं आणि काही दिवसांतच, जानेवारी २००६ मध्ये, बुस्सो गेले. ते व्ही-६ ऐकत ऐकत गाडी घेणारी माणसं आहेत, त्यांना गंजाचं बिल दाखवलंत तरी ती पळत नाहीत, लपवलंत तर पळतात. बेल्ट शेवटचा कधी बदलला त्याची पावती शोधून ठेवा. ती सापडली नाही, तर ग्रानटुरिस्मो बघायला जाण्याआधी तेवढं काम करून घ्या, कारण तोवर रोज तीच चालवायची आहे.