पुढचं वाच

प्रिय बाळ,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझे व्हॉइस मेसेज सगळे ऐकले. जगाचा शेवट जवळ आल्याचं सांगणारा तो रंगीत तक्ताही पाहिला. डावीकडे १९४८ आणि इस्राएल, मध्ये यरुशलेमच्या मंदिराच्या शुद्धीकरणासाठी म्हणून टेक्सासहून नेलेल्या लाल कालवडी, मग सात वर्षांचं महासंकट, आणि तळाला मोठ्या अक्षरांत ‘तुम्ही तयार आहात का?’ तुझा आवाज कापत होता म्हणून राग गिळला, नाहीतर हा तक्ता फॉरवर्ड करणाऱ्याला रात्रीच फोन लावला असता.

तू विचारलंस, “काका, सगळं दोन-तीन वर्षांतच आटोपणार असेल तर जीएनएम नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची फी भरून काय करू?” आणि लगेच, “असं विचारते म्हणजे माझा विश्वास कमी आहे का?” नाही, कमी नाही. आता फीचं बोलू.

प्रभू परत येणार हे मी तुला पटवत बसत नाही, ते तुझ्या आजीने तुला कधीच शिकवलंय. मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि तुला कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे. वचन जिथे तोडून दाखवलंय तिथे थांबू नकोस. पुढचं वाच.

तुझ्या तक्त्यात दानीएल ८:१४ आहे, ते दोन हजार तीनशे दिवस. अमेरिकेतल्या विल्यम मिलर नावाच्या शेतकऱ्याने याच वचनावर प्रभू परत येण्याचा हिशेब मांडला होता. एक दिवस म्हणजे एक वर्ष, मोजणीची सुरुवात इसवी सनापूर्वी ४५७ पासून, म्हणजे शेवट १८४३ च्या आसपास. ती मुदत टळली. मग त्याच्या लोकांनी नेमका दिवस काढला, २२ ऑक्टोबर १८४४. काहींनी शेतातलं पीक काढलंच नाही, कशाला काढायचं? दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं उजाडलं आणि माणसं ढसाढसा रडली. मिलर लबाड नव्हता. तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त शास्त्र वाचायचा. पण त्याच अध्यायात तेरा वचनं पुढे जा. दृष्टांत पाहून दानीएलला मूर्च्छा आली, तो काही दिवस आजारी पडला, मग उठून राजाच्या कामाला लागला. आणि दृष्टांत उलगडला नाही, असंही तिथेच लिहिलंय. ज्याने स्वतः पाहिलं त्याला उलगडा झाला नाही, तरी तो कचेरीत गेला. यूट्यूबवरच्या गृहस्थांना मात्र तारखेसकट उलगडा होतो.

वचनं वेचून घेण्याचं असंच असतं. भरीत पार्टीला जाऊन कोणी नुसत्या मिरच्या वेचून खाल्ल्या तर तोंड भाजणारच. मग भरताला नावं ठेवायची नाहीत.

प्रेषित पौलाचं थेस्सलनीकाकरांस दुसरं पत्र उघड. दुसऱ्या अध्यायात पौल म्हणतो, प्रभूचा दिवस येऊन ठेपलाय असं आमच्या नावाचं पत्र आलं तरी घाबरू नका, मनाची चलबिचल होऊ देऊ नका. म्हणजे त्या काळीही खोटी फॉरवर्ड फिरत होती. बहुतेक लोक इथे थांबतात, कारण पुढे तो अनीतिमान पुरुष, म्हणजे शेवटी देवाविरुद्ध उठणारा, येतो आणि मग सगळी रात्र तो कोण यावर जाते. तू तिसऱ्या अध्यायापर्यंत जा. तिथे पौल चिडलाय. काही जण काम सोडून इकडेतिकडे लुडबुड करत फिरतायत आणि तो सरळ सांगतो, काम करायचं नसेल तर जेवूही नका. पहिल्या पत्रातही तेच. मेघांत प्रभूला भेटण्याचा तो सुंदर उतारा चौथ्या अध्यायात आहे, आणि त्याच्या दोनच वचनं आधी आपल्या हातांनी काम करा असं लिहिलंय. बघ, कधीकधी मागचंही वाचावं लागतं.

मत्तय २४ चंही तसंच. युद्धं, भूकंप, दुष्काळ एवढंच सगळे वाचतात. अध्यायांचे आकडे तेराव्या शतकात पडले, येशूचं बोलणं २५ मध्येही चालूच आहे. शेवटी न्यायाच्या वेळी राजा विचारतो ते काय? मी आजारी होतो तेव्हा माझ्या समाचाराला आलात का? बाळ, तू सिव्हिलच्या वॉर्डात ड्युटी करतेस. तुला तरी हे वाचताना काही वाटायला हवं होतं.

श्वापदाच्या शिक्क्याबद्दल थोडक्यात, प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकात तो हातावर किंवा कपाळावर मारतात. आधार कार्ड आलं तेव्हा तोच शिक्का होता, २०२१ ला लस आली तेव्हाही तोच, आता कुठली तरी चिप. प्रकटीकरण आधी कोणाला पाठवलं ते पहिल्या अध्यायातच आहे: इफिसपासून लावदिकीयापर्यंतच्या सात मंडळ्यांना. त्यांना रोमचा सम्राट ठाऊक होता, आधार कार्ड नव्हतं. ‘नीरो कैसर’ हे नाव इब्री अक्षरांत लिहून त्यांच्या किमतींची बेरीज केली तर ६६६, म्हणजे श्वापदाचा आकडा, भरते, काही जुन्या हस्तलिखितांत तर ६१६ आहे. पुष्कळ अभ्यासक तो रोख नीरोकडे मानतात, काही जण पुढे येणाऱ्या कोणाकडे. मी पहिल्यांकडे झुकतो, पण त्यावरून कोणाशी बोलणं सोडणार नाही. मला खरी चीड याची येते की ६६६ वर अध्याय संपतो आणि लोक पुस्तक मिटतात. पुढचंच वचन, १४:१! कोकऱ्याबरोबर, म्हणजे येशूबरोबर, उभ्या असलेल्यांच्या कपाळावर त्याचं आणि त्याच्या पित्याचं नाव आहे. तुझ्या कपाळाचा मालक आधीच ठरलेला आहे आणि तू चिपला घाबरू राहिली.

आता उलट बाजू. आमच्या पिढीतले शिकलेले लोक प्रकटीकरणाला हातच लावत नाहीत. धर्मसुधारक कॅल्विनने त्यावर टीका, म्हणजे भाष्य, लिहिली नाही, मग आपण कशाला, असं एका पाळकसाहेबांनी मला ऐकवलं होतं. कॅल्विनने दानीएलवर भरभरून लिहिलंय, ते कोण वाचणार? उपासनेत पुलपिटावरून कोणी हे पुस्तक शिकवत नाही, म्हणून तुमच्यासारखी मुलं मोबाइलकडे जातात. संदेशांचा धिक्कार करू नका आणि सगळ्याची पारख करा, ही दोन्ही वाक्यं पौलाने एकाच दमात लिहिली आहेत. एक घेऊन दुसरं सोडता येत नाही.

आणि हजार वर्षांच्या राज्यावरून भांडू नकोस. ती हजार वर्षं विसाव्या अध्यायात आहेत. ती प्रभू आल्यावर सुरू होणार, की मंडळीचा आत्ताचा काळ म्हणजेच ती, यावर पहिल्या शतकांपासून देवभिरू माणसांची मतं वेगळी आहेत. जुन्या मंडळीतला मोठा शिक्षक ऑगस्टीन, त्यानेही स्वतःचं मत बदललं. तुझ्या तक्त्यातली मांडणी जॉन डार्बी या प्रचारकाने १८३० च्या दशकात रुजवली आणि १९०९ च्या स्कोफिल्डच्या बायबलमधल्या तळटिपांतून ती जगभर गेली. तशी आहे म्हणून खोटी ठरत नाही. पण तळटीप ती तळटीप, वचन ते वचन.

मी इतका हट्टी का, हे तुझ्या आईला विचार, ती सांगेल. रेल्वेत माझ्याबरोबर यावलकडचा एक मित्र होता. १९९९ साली बाहेरून आलेल्या एका प्रचारकाने २००० उजाडणार नाही असं सांगितलं आणि माझ्या मित्राने वाट्याची केळीची जमीन विकून टाकली. मी त्याला भुसावळच्या प्लॅटफॉर्मवर यिर्मया २८ आणि २९ वाचून दाखवले होते. बाबेलच्या बंदिवासाबद्दल खोटा संदेष्टा हनन्या म्हणतो दोन वर्षांत सुटका, खरा संदेष्टा यिर्मया म्हणतो सत्तर वर्षं, तेव्हा घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा. मित्र म्हणाला, तू फार डोकं चालवतोस. जानेवारी उजाडला. त्यानंतर तो मंडळीत आला नाही. लोक हसतील याची त्याला लाज वाटायची, आणि लोक हसलेही. मी बरोबर होतो, पण त्याला परत आणायला ते बरोबर असणं कामी आलं नाही. तो गेल्याला आता बरीच वर्षं झाली. मला मंडळीत ‘कोमट’ म्हणतात, प्रकटीकरणात कोमट म्हणून झापलेल्या लावदिकीयाचा म्हणतात. म्हणू देत. तारखा सांगणाऱ्यांच्या मागे उरलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणणाऱ्यांनी पाहिलेली नाहीत. म्हणून मी दर वेळी मध्येच उठून पुढचं वाचा म्हणतो आणि पुढेही म्हणणार.

एक लक्षात घे. खानदेशात सुवार्ता घेऊन आलेल्यांपैकी पुष्कळ जण प्रभू लवकर येणार याच घाईने आले होते. फ्रेडरिक फ्रॅन्सनने १८९० मध्ये स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन सुरू केलं ते याच ओढीने. त्या मिशनचे लोक इथे येऊन अहिराणी आणि भिल्लांच्या बोली ऐकत बसले, शाळा आणि दवाखाने काढले. नवापूरजवळच्या चिंचपाड्याच्या रुग्णालयात आजही नर्सेस ड्युटीवर आहेत. येणार येणार म्हणणाऱ्यांनीच विटा रचल्या. तू फी भरू नको म्हणतेस!

तेव्हा फी भर, विलंब शुल्क लागायच्या आत. आणि रविवारी उपासनेनंतर घरी ये. मोबाइल आईकडे दे, बायबल आण. प्रकटीकरण पहिल्यापासून बाविसाव्यापर्यंत मोठ्याने वाचून काढू. तासा-दीड तासाचं काम आहे, तुझ्या काकूचा चहा धरून दोन तास. मध्ये तक्ता काढायचा नाही आणि मी मध्येच भाष्य करू लागलो तर मलाही गप्प बसव. आईला सलाम सांग.

तुझा काका