ऑफिसच्या कॉम्प्युटरवर कॉमेट टाकावा का?

भावा, तुझा प्रश्न असा: उद्यमनगरातल्या फाउंड्रीच्या ऑफिसात क्रोम काढून कॉमेट हा एआय ब्राउझर टाकायचा का? एअरटेलमुळे पर्प्लेक्सिटी प्रो (प्रश्नांची उत्तरं शोधून देणारं एआय) वर्षभर फुकट मिळालं, अकाउंटंटला ते आवडलं, आता त्याला त्यांचाच ब्राउझर हवाय. माझं मत: घरच्या लॅपटॉपवर खुशाल वापर, ऑफिसात नको.

कॉमेट कामाचा आहे यात वाद नाही. लांबलचक टेंडर उघडून बाजूच्या असिस्टंटला विचारावं, अनामत किती, मुदत कधी, तो काढून देतो. चार टॅबमधल्या मशीनची तुलना मांडून देतो. क्रोम ज्यावर उभा आहे त्याच क्रोमियमचा पाया, त्यामुळं क्रोमची एक्स्टेन्शन चालतात.

पण हा असिस्टंट नुसता वाचत नाही, तुझ्या लॉगिननं कामंही करतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ब्रेव्ह या दुसऱ्या ब्राउझरवाल्यांनी एक प्रयोग जाहीर केला. रेडिट या चर्चेच्या साइटवरच्या एका कॉमेंटमध्ये सूचना लपवल्या आणि कॉमेटला फक्त त्या पानाचा सारांश मागितला. पानावरचा मजकूर कुठला आणि मालकाचा हुकूम कुठला, हे असिस्टंटला कळलंच नाही. त्यानं पर्प्लेक्सिटीच्या खात्यातून ईमेल आयडी काढला, ओटीपी मागवला, उघड्या जीमेलमधून वाचला आणि दोन्ही त्या कॉमेंटखाली लिहून टाकलं! ब्रेव्ह प्रतिस्पर्धी आहे हे खरं, पण पर्प्लेक्सिटीला दुरुस्ती करावी लागली. ऑक्टोबरमध्ये अ‍ॅटलास हा असाच ब्राउझर आणणाऱ्या, चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयनंही हा प्रश्न अजून सुटलेला नाही असं उघड सांगितलंय.

आता तुझ्या ऑफिसात काय उघडं असतं बघ. जीएसटी पोर्टल, बँक आणि गिऱ्हाइकांनी मेलवर पाठवलेली कास्टिंगची ड्रॉइंग. ती ड्रॉइंग आपली नव्हेत, विश्वासानं दिलेली आहेत. सारांश मागितला की समोरचा मजकूर पर्प्लेक्सिटीच्या सर्व्हरवर जातो. शिवाय लोक अ‍ॅपबाहेर काय करतात हे जाहिरातींसाठी कळावं, हेही ब्राउझर काढण्यामागचं एक कारण असल्याचं त्यांचे प्रमुख अरविंद श्रीनिवास एप्रिल २०२५ मध्ये एका मुलाखतीत बोलले होते. मला हे पटत नाही.

क्रोम तरी कुठं सोवळा, म्हणशील. बरोबर आहे. थर्ड पार्टी कुकी (एका साइटवरून दुसऱ्या साइटवर माग काढणाऱ्या खुणा) बंद करणार म्हणत गूगलनं २०२४ मध्ये माघार घेतली, आणि जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिनही आता क्रोमवर चालत नाही. फायरफॉक्सवर चालतं, आणि तिथं २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकी आपोआप वेगळ्या ठेवल्या जातात. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाची बरीचशी कमाई गूगलकडूनच येते हे मला खटकतं, तरी रोजच्या कामाला मी फायरफॉक्सच सुचवेन. सेटिंगमध्ये शिरायचं नसेल तर ब्रेव्ह चालेल, फक्त त्यातलं क्रिप्टो वॉलेट आणि रिवॉर्ड्स (जाहिराती बघण्याचा मोबदला) बंद कर.

अकाउंटंट ऐकतच नसेल तर कॉमेटसाठी विंडोजमध्ये वेगळा युजर काढून दे. बसवताना क्रोममधले पासवर्ड आणू का असं विचारलं तर नको म्हणायचं. त्या युजरमध्ये पर्प्लेक्सिटीशिवाय कशातही लॉगिन नको, मेलमध्ये तर मुळीच नको.