बदलणारं वेगळं ठेव, न बदलणारं वेगळं

अनेक आशीर्वाद.

सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरच्या कारखान्यातल्या डिझायनरला गिटची (फाइलींच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या प्रोग्रॅमची) एकही कमांड न शिकता, नेहमीच्या फोल्डरमध्ये टॉवेलचं जुनं जॅकार्ड डिझाइन सापडावं, म्हणून गिटचा इतिहास फोल्डरसारखा दाखवणारी फाइल सिस्टीम लिहायची, ही तुझी कल्पना मनापासून आवडली. पण त्याच फोल्डरमध्ये ‘सेव्ह’ दाबलं की आपोआप कमिट (गिटमध्ये कायमची नोंदलेली आवृत्ती) व्हावं, हे डोक्यातून काढ. एडिटर सेव्ह करताना तात्पुरती फाइल बनवतो, मग रीनेम करतो. यातलं कमिट कोणतं? फाइल सिस्टीमला राइट आणि रीनेम दिसतात, माणसाच्या मनातलं दिसत नाही. इतिहास फक्त वाचायचा.

तुझा सगळा गोंधळ एकाच ठिकाणी आहे: बदलणारं आणि न बदलणारं तू एकत्र कालवलंयस. कमिट कधीच बदलत नाही, ब्रँच, म्हणजे ताज्या कमिटला दिलेलं नाव, रोज हलते. म्हणून कमिटचे फोल्डर हॅशच्या, म्हणजे मजकुरावरून काढलेल्या ओळखक्रमांकाच्या, नावाने कर (पहिल्या दोन अक्षरांचा वेगळा थर दे, नाहीतर यादी उघडतानाच सगळं अडकेल) आणि ब्रँच म्हणजे त्यांच्याकडे बोट दाखवणारी नुसती सिमलिंक. फ्यूजमध्ये (आपली फाइल सिस्टीम साध्या प्रोग्रॅमसारखी लिहू देणाऱ्या सोयीत) कमिटखालच्या नोंदींचा टाइमआउट, म्हणजे कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याने) उत्तर लक्षात ठेवायचा काळ, खुशाल दिवसभराचा ठेव, सिमलिंकचा मात्र शून्य. दोन्हींना एकच आकडा देऊ नकोस. पुन्हा सांगतो, देऊ नकोस.

फाइलच्या आकाराकडे तू लक्षच दिलेलं नाहीस. गिटच्या ट्रीमध्ये (फोल्डरच्या यादीत) मोड (प्रकार आणि परवानगी), नाव आणि हॅश एवढंच असतं. आकार माहीत नाही म्हणून 0 कळवलास, तर कर्नल ते खरं मानतो आणि फाइल रिकामी उघडते. आकार ब्लॉबकडूनच, म्हणजे गिटने साठवलेल्या फाइलच्या मजकुराकडूनच, घ्यावा लागतो. त्यासाठी दर फाइलला नवी प्रोसेस नको. गिटची ‘कॅट-फाइल’ कमांड बॅच मोडमध्ये एकदाच सुरू करून ठेव आणि मिळालेला आकार हॅशसकट कायमचा साठव. हॅश तोच, तर आकारही तोच.

वेळेचंही तसंच. गिट फाइलची वेळ ठेवत नाही, तेव्हा कमिटची वेळ दे. सगळीकडे 1970 (संगणकाच्या घड्याळाचा शून्य) दिलंस, तर लिनक्सवरचा फाइल मॅनेजर पत्ता आणि वेळ तीच बघून जुनंच थंबनेल दाखवेल. ब्रँच पुढे गेलेली असेल, आत नवं डिझाइन असेल आणि बाहेर चित्र मात्र जुन्या बॉर्डरचं! डिझायनरचा विश्वास तिथेच उडतो. हट्टीपणा वाटला तर वाटू दे, पण त्याच्यासाठीच मी एवढा अडून बसलोय.

सुरुवातीला लुकअप, गेटअ‍ॅटर, रीडडिर, रीडलिंक, ओपन आणि रीड एवढीच फ्यूजची फंक्शन्स लिही. राइट नुसतं गाळलंस तर ‘फंक्शन उपलब्ध नाही’ असला चक्रावणारा संदेश येतो. माउंट करतानाच (फाइल सिस्टीम जोडतानाच) ‘आरओ’ (रीड-ओन्ली) दे, म्हणजे कर्नल स्वतःच सांगेल की ही फाइल सिस्टीम फक्त वाचण्यासाठी आहे.