घोड्यांची गव्हाण: जाळी, लोखंडी रॅक की जमिनीवरच?

दादा, तुमचा प्रश्न असा की दोन घोड्या आणि एक शिंगरू आहे, गवत जमिनीवर टाकलं की निम्मं तुडवून मुतात घालवतात, मग भिंतीला लोखंडी रॅक करून घेऊ का गवत भरून टांगायची जाळी आणू. मी सतरा-अठरा वर्षं घोडी पाळतोय, या तिन्ही गोष्टी करून झाल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक सांगा, तुम्ही घालता काय? अख्खं डोंगरी गवत, म्हणजे पवन्या, मारवेल वगैरे पेंढ्या, का कडब्याची कुट्टी, म्हणजे बारीक कापलेली वैरण? कारण जाळीचे सगळे व्हिडिओ बाहेरच्या देशातले असतात आणि त्यांचं गवत लांब काडीचं असतं. आपली कुट्टी जाळीत भरली की पहिल्याच ओढीला सगळी खाली. कुट्टी असेल तर जाळीचा विचार सोडून द्या, तिला रुंद आणि उथळ टब किंवा सिमेंटची बुटकी गव्हाणच लागते.

भिंतीवरचा रॅक करूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. घोडं हे मान खाली घालून चरणारं जनावर. डोकं वर करून खायला लावलं की गवतातली धूळ आणि कुसळं सरळ डोळ्यात आणि नाकात जातात. मान खाली असली की नाकातली घाण आपोआप बाहेर पडते, वर असली की ती आतच राहते. माझ्याकडे पूर्वी असाच रॅक होता, एका घोडीला कोरडा खोकला लागला तो हटेना. शेवटी रॅक काढला, गवत खाली घालायला लागलो आणि घालायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं पाण्यात बुडवून निथळून द्यायला लागलो, तेव्हा खोकला बसला. (उन्हाळ्यात असं भिजवलेलं गवत तासन्‌तास ठेवू नका, आंबतं. लागेल तेवढंच भिजवा.)

आता जाळी. लांब गवताला जाळी चांगलीच आहे, कारण घोडं हळू खातं. घोड्याचं पोट केवढं, 8 ते 15 लिटर, आणि त्यात आम्ल चोवीस तास सुटत असतं, खाणं असो नसो. ते आम्ल मारणारी लाळ मात्र चावतानाच सुटते. म्हणजे तासाभरात गवत फस्त करून रात्रभर रिकामं उभं राहिलं तर अल्सर, पोटशूळ, लाकूड कुरतडणं हे सगळं मागे लागतं. चार-पाच तासांच्या वर पोट रिकामं राहू नये. जाळीची भोकं 4-5 सेंमीची घ्या, एकदम बारीक घेतली तर सवय नसलेली घोडी चिडते, जाळीला हिसके मारते.

पण जाळीचा धोकाही ऐका. आमच्या मोतद्दारानं, म्हणजे घोडी सांभाळणाऱ्या गड्यानं, एकदा संध्याकाळी जाळी छातीच्या उंचीला बांधली, भरलेली होती तोवर ठीक दिसत होती. रात्री गवत संपलं, जाळी रिकामी होऊन गुडघ्यापर्यंत लोंबली. दोनच्या सुमाराला घोडीनं पाय आपटला आणि पुढच्या डाव्या पायाच्या नालेची टाच जाळीत अडकली. घाबरून तिनं मागे झेप घेतली. मी टॉर्च घेऊन पोचलो तेव्हा नाल अर्धी उचकटलेली होती, खिळ्यांबरोबर खुराचा कडेचा तुकडा निघून आला होता आणि ती तीन पायांवर थरथरत उभी होती. खूर महिन्याला जेमतेम सेंमीभर वाढतं, तो भाग भरून यायला कित्येक महिने गेले. तेव्हापासून रिकामी जाळी किती खाली येते ते बघूनच आम्ही उंची ठरवतो, आणि सुरगाठच मारतो, दोरीचं मोकळं टोक ओढलं की सुटणारी. तुमच्याकडे तर शिंगरू आहे, त्याच्या आवाक्यात लोंबती जाळी अजिबात नको.

मग करायचं काय, तर माझ्याकडे सध्या जे आहे तेच सांगतो. जाड फळ्यांची पेटी, जमिनीवर टेकलेली, बाजू साधारण 60 सेंमी उंच, वरच्या कडा रंधा मारून गोल केलेल्या, आत एकही खिळा बाहेर नाही, तळाला पाणी जायला भोकं. पेटीच्या खाली किंवा दोन फळ्यांमध्ये खूर शिरेल एवढी फट ठेवायची नाही. गायीम्हशींची आडव्या पाइपांची गव्हाण घोड्याला लावतात ती याचसाठी चुकीची, डोकं घालतं आणि दचकून वर काढताना अडकतं. पत्र्याचा ड्रम कापून करू नका, कड ब्लेडसारखी असते. निळे प्लॅस्टिकचे ड्रम घेताना आधी त्यात काय होतं ते विचारा, केमिकलचा असेल तर धुऊनही वापरू नका.

आणि घोडी दोन असल्या तरी खायच्या जागा तीन करा, लांब लांब. जोरकस घोडी दुसरीला हाकलते, मग दुबळीला आणि शिंगराला उरतं ते चिपाड. एका घोडीला रोज वजनाच्या दीड-दोन टक्के तरी कोरडं वैरण हवं, म्हणजे 350 किलोच्या घोडीला साधारण 5 ते 7 किलो. एकदा काट्यावर तोलून बघा, आपला अंदाज किती चुकतो ते कळतं.

पावसाळ्यात पेटीच्या तळाशी ओला चुरा साचून बुरशी धरते, तो रोज झाडून काढायचा, हे काम मोतद्दारावर सोडू नका, स्वतः हात घालून बघा.

आणखी एक. इतके दिवस मातीवर खाल्लंय, तर वाळू पोटात गेली असणार. पाच-सहा ताज्या लेंड्या पारदर्शक पिशवीत पाणी घालून कालवा, पिशवी टांगून ठेवा आणि अर्ध्या तासानं तळ चिमटीत धरून बघा. खरखर लागली तर इथे सांगत बसू नका, पेटी नंतर, आधी डॉक्टरांना बोलवा.